मागं वळून बघू नका

मी आयुष्यात एक खोटं माइकवरून बोललो आहे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात, खुर्च्या मांडून बसलेल्या चाळीस-पन्नास माणसांसमोर, आणि तेही एकदा नाही, चार वेळा. दर वेळी टाळ्या पडल्या. आता ते ऑफिस दिसू नये म्हणून मी भाजी आणायला लांबच्या रस्त्यानं जातो. बायकोला कारण विचारायची गरज पडत नाही.

मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं फळ्यावर मेकाँग नदी काढली, पण समुद्र ओलांडला तो निवृत्त झाल्यावर. यात माझं विशेष काही नाही. आमच्या कॉलनीत पूर्वी कुणी फार लांब गेलं म्हणजे काशीला गेलं. आता जो उठतो तो व्हिएतनामला, नाहीतर बालीला, नाहीतर दुबईला. कुणीतरी एका पुलावर उभं राहून व्हिडिओ टाकतं आणि महिन्याभरात त्याच पुलावर अर्धं सोलापूर उभं असतं. आम्ही दोघंही व्हिएतनामच्या त्या पुलावर उभे राहिलो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बॅगेत होतीच.

बॅगेत भीतीही होती. निघायच्या आधी महिनाभर मोबाइलवर नुसत्या सूचना येत होत्या. तिकडे स्कूटरवरून येऊन पर्स ओढतात, गोड बोलून गंडवतात, पासपोर्ट गेला तर माणूस अडकून पडतो. मी सगळ्या वाचल्या आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवल्या. मग कमरेला बांधायचा एक पाऊच आणला. दोघांचे पासपोर्ट त्यात ठेवले, वर दोन्हींचे नंबर पाठ केले. झोपतानासुद्धा तो पाऊच सुटत नसे. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, अंघोळीला तरी काढा की!"

चौथ्या दिवशी कंदिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या गावात आम्हाला तासभर मोकळा वेळ मिळाला. ऊन आपल्या मे महिन्यासारखं. एका कोपऱ्यावर बघतो तर चरक, उभे केलेले ऊस आणि बर्फाची पेटी. साक्षात रसवंती! सोलापूरच्या माणसाला परदेशात रसवंती दिसली की माहेर भेटल्यासारखं होतं. आम्ही तिथल्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. रस काढणारी बाई पस्तिशीची असेल. तिनं उसाबरोबर एक छोटं आंबट फळ चरकात घातलं. आपण आलं घालतो हे बायकोनं तिला हातवारे करून सांगितलं, आणि दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या. बुटक्या स्टुलावर पाऊच माझ्या पोटात रुतायला लागला. मी तो काढला आणि शेजारी ठेवला.

त्यानंतर आम्ही उठून चालायला लागलो. दोनेकशे पावलं गेलो असू. मागून स्कूटर आली आणि कुणीतरी ओरडलं, "चू ओय! चू ओय!"

आपल्याकडे 'चू'नं सुरू होणारी जी शिवी आहे ती शाळेच्या मागच्या बाकावरून मी तीस वर्षं ऐकली होती. परक्या गावात, भर रस्त्यात, आपल्याला ती कोण देतंय म्हणून मी तिरमिरीत वळलो. स्कूटरवर एक बाई होती. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, हातात मोजे, अंगात लांब बाह्यांचं जाकीट. दिसत होते ते फक्त डोळे. आणि तिच्या हातात माझा पाऊच. माझा हात कमरेला गेला. कंबर मोकळी.

उन्हाळ्यात आमच्या सोलापुरात स्कूटीवरच्या पोरीबाळी याहून वेगळ्या दिसत नाहीत. स्कार्फ असा गुंडाळलेला असतो की सख्ख्या बापाला लेक ओळखू येऊ नये. ते मी रोज बघतो आणि ऊन आहे, एवढंच मनात येतं. तिथे मात्र तोंड बांधलेली बाई दिसली आणि मला चोरच दिसला.

मी पाऊचला हिसडा मारला. पट्टा तिच्या मनगटाला अडकलेला होता. ती ओढली गेली, स्कूटर कलली आणि ती गाडीसकट रस्त्यावर आदळली. मी "चोर! चोर!" म्हणून ओरडत होतो, तेही मराठीत. माणसं जमली. आमचा गाइड धावत आला. तो तिथलाच होता, पर्यटकांमुळे मोडकंतोडकं हिंदी शिकलेला. बायको मात्र कुणाची वाट न बघता खाली बसली होती. त्या बाईच्या तोंडावरचं फडकं सरकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, ही रसवाली आहे."

गाइड तिच्याशी बोलला आणि मग माझ्याकडे वळला. तुम्ही पाऊच स्टुलाजवळ विसरलात, ती दुकान तसंच टाकून तो परत द्यायला आली, असं तो म्हणाला. मी म्हणालो, मग शिवी का देत होती? त्याला आधी कळेचना. कळल्यावर त्यानं मान खाली घातली. "चू म्हणजे काका," तो म्हणाला. "ती तुम्हाला 'अहो काका' म्हणून हाक मारत होती."

यानंतर मी जे केलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते. मी तिला उठवलं नाही. मी पाऊचची चेन उघडली आणि दोन्ही पासपोर्ट आहेत का ते पाहिलं. एकेक बाहेर काढून, आतला फोटो बघून, पुन्हा आत ठेवला. ती रस्त्यावर कोपर धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात आमच्या बसचा हॉर्न वाजला. मला सुटल्यासारखं झालं आणि मी चालायला लागलो. बायको मागून आली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि गाव संपेपर्यंत बाहेर बघत राहिली.

सोलापूरला परत आल्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी विचारलं, काय सर, काही गडबड झाली नाही ना? माझ्या तोंडून निघालं ते असं: "अहो, रस्त्यात स्कूटरवरून तोंड बांधलेली एक बाई आली. हातात माझा पाऊच! दिला हिसडा आणि घेतला ओढून." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त रस गाळला होता. मंडळी म्हणाली, वा सर, या वयात! आणि मला ते आवडलं. लाज वाटत असताना कुणी पाठ थोपटली की किती बरं वाटतं, हे मला साठीत कळलं. मग तिखटमीठ लागत गेलं. बाई पुढे निघाली होती, मी मागे धावलो होतो, असंही एकदा सांगून झालं.

गोष्ट ट्रॅव्हल ऑफिसवाल्यापर्यंत पोचली. सहलीला निघणाऱ्यांसमोर 'परदेशातील सुरक्षितता' यावर बोलाल का, असं त्यानं विचारलं. मास्तरला माइक दाखवायचा म्हणजे मुंगीला साखर दाखवायची. मी गेलो, गोष्ट सांगितली आणि शेवटी बजावून सांगितलं: "रस्त्यात कुणी हाक मारली तर मागं वळून बघू नका. सरळ चालत राहा." पहिल्या वेळी बायको सोबत आली आणि शेवटच्या ओळीत बसली. दुसऱ्या वेळी मी शर्टाला इस्त्री करून तयार झालो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा. मला कपडे वाळत घालायचेत." बादलीत दोन टॉवेल होते. मी एकटाच गेलो.

चौथ्या भाषणाला करकंबच्या दोघी बहिणी आल्या होत्या. धाकटी पन्नाशीची, गावात शिवणकाम करणारी. थोरलीला साखरेचा आजार. धाकटीच्या लेकीनं दोघींना सहलीची तिकिटं काढून दिली होती. भाषण संपल्यावर धाकटी उभी राहिली. "सर, लई भ्या वाटतंय बगा. आमाला भाषा न्हाय, काय न्हाय. तितली मानसं कशी हायेत वो? अडलं-नडलं तर कुनी मदत करतंय का?"

त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. 'व्हय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण समोर माणसं मान वर करून बसलेली, माझी गोष्ट त्यांनी नुकतीच ऐकलेली. मी म्हणालो, "आपण आपलं सांभाळायचं. मघाशी सांगितलं तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे झालं." तिनं मान डोलावली आणि खाली बसली.

दीड महिन्यानं, एका सकाळी, धाकटी एकटीच आमच्या घरी आली. हातात घरच्या गुळाची मोठी पिशवी. "सर, तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली. बायको चहा ठेवायला आत गेली. धाकटी सहलीचं सांगत होती, मी हसून ऐकत होतो.

"तिसऱ्या दिशी बाजारात हिंडत हुतो," ती म्हणाली, "आन् मागनं एक मानूस हाका मारायला लागला. मला तुमचं बोलनं आटवलं. मी काय वळून बगितलं न्हाय, पाय उचलले. तो आपला मागं मागं येतोय, वरडतोय. मी जी पळत सुटले ती थेट बसमदी. मग बगते तर अक्का कुटं हाय? अक्का न्हाईच की!"

माझ्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं.

साखर एकदम कमी होऊन थोरलीला बाजारात चक्कर आली होती. ती एका दुकानाच्या पायरीवर कोसळली होती. दुकानदारानं तिला सावलीत बसवलं, आपल्या बायकोला तिच्याजवळ ठेवलं आणि धाकटीला बोलवायला तो मागे धावला. गाइडला घेऊन ही परत गेली तोवर पाऊण तास गेला होता. दुकानदाराच्या बायकोनं अक्काला साखरपाणी पाजून, वारा घालत, मांडीवर घेतलं होतं.

"अक्का आता बरी हाय," ती म्हणाली. "पर तो मानूस लई चांगला वो सर. मी मातर तुमी सांगितलं तसंच केलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या पोरीनं गृहपाठ दाखवावा तसं ती सांगत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघितलं तर बायको चहाचे कप घेऊन दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप ठेवले नाहीत आणि ती आतही गेली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी सांगितलं. रसवंती, स्टूल, 'चू ओय', हिसडा, चेन उघडून पाहिलेले पासपोर्ट, सगळं. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायलो. धाकटी आता रागावेल, गुळाची पिशवी उचलून निघून जाईल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"लई लागलं हुतं का वो त्या बाईला?" तिनं विचारलं.

इतके महिने ती गोष्ट सांगत होतो, पण हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी बायकोकडे बघितलं.

"उजवं कोपर फुटलं होतं," बायको म्हणाली. "रक्त थांबत नव्हतं. मी रुमाल बांधला, तो तिच्याकडेच राहिला. मनगट पण सुजत चाललं होतं. त्याच हातानं ती चरक फिरवायची."

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दोन्ही पासपोर्टांचे नंबर मात्र मला अजून पाठ आहेत.