सरकीच्या वखारीतला समुद्र

धुळ्यात समुद्र आणायचा विचार आजवर एकाच माणसाने मनावर घेतला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इतरांच्या मामेसासऱ्यांचे शेत असते, दुकान असते, गेला बाजार मूतखडा तरी असतो. आमच्या मामेसासऱ्यांचे सागरी संग्रहालय होते. धुळ्याहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, आणि आमच्या पांझरा नदीत पाण्यापेक्षा क्रिकेटच जास्त दिवस चालते. पण मामांनी एकवीस वर्षे मालवाहू बोटीवर काढली होती. तिथे ते भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. हे ते कधी लपवत नसत. फक्त सांगताना आवाज असा लावत, की कप्तान हा भंडाऱ्याच्या हाताखालीच काम करत असावा असे ऐकणाऱ्याला वाटे. ऐंशीच्या सुमारास ते दोन पेट्या भरून सामान घेऊन कायमचे घरी परतले आणि थोरल्या भावाकडून, नानांकडून, त्यांच्या सरकीच्या वखारीचा अर्धा भाग मागून घेऊन त्यांनी बाहेर पाटी लावली: ‘खानदेश सागरी संग्रहालय. वेळ दहा ते पाच. चपला बाहेर काढाव्यात.’

दहा ते पाच या वेळात तिथे संग्रहालय पाहायला कुणी आल्याचे मला आठवत नाही. यायची ती माणसे म्हशीसाठी सरकी न्यायला. मामा त्यांना सोडत नसत. आधी शार्क माशाचा जबडा, मग दोरखंडाच्या अठरा प्रकारच्या गाठी, मग होकायंत्र, आणि मग सरकी, असा क्रम ठरलेला होता. होकायंत्र पितळी आणि देखणे होते, फक्त त्याची सुई बारा महिने तेरा काळ नानांच्या लोखंडी वजनकाट्याकडे वळलेली असे. एकदा मी धीर करून म्हटले, “मामा, उत्तर दिशा तर मागच्या भिंतीकडे आहे.” मामांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “जावईबापू, हे बोटीवरचं यंत्र आहे. जमिनीवर त्याला करमत नाही.” मामा स्वतःही दिवसातून दहा वेळा त्या काट्यापाशीच जाऊन बसत, कारण वखारीतला एकुलता एक पंखा तिथे होता. तेव्हापासून मी यंत्राला नावे ठेवणे बंद केले.

संग्रहालय खरे चालायचे ते बंद झाल्यावर. दर शनिवारी मामा पाच वाजता दाराला कुलूप लावत आणि सहा वाजता तेच कुलूप काढत. मधल्या तासाचा अर्थ मी एकदा विचारला, तेव्हा “बंद झाल्याशिवाय बंद झाल्यानंतरची वेळ कशी सुरू होईल?” असे उत्तर मिळाले. परदेशात कुठल्याशा बंदरावर त्यांनी पाहिले होते म्हणे, की तिथले सागरी संग्रहालय मिटले की संध्याकाळी गावची माणसे आत येतात, मांडी घालून बसतात आणि चित्रे काढतात. झाले. तिकडे चालते ते इकडे का चालू नये, या एका वाक्याने आपल्या देशात पुष्कळ गोष्टींचे वाटोळे झाले आहे. आमच्या शनिवारांचेही झाले. हळदीकुंकवाचे आमंत्रण करावे तसे मामा गल्लीत घरोघर बोलावणे करत आणि गल्लीही मान राखून येई. कलेच्या ओढीने येई की कसे, यावर मी बोलणार नाही. मामी त्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा करत, एवढेच सांगतो.

कागद म्हणजे पाठकोऱ्या लग्नपत्रिका आणि जुन्या कॅलेंडरांची पाने. रंग म्हणजे रांगोळीचे, आणि निळ्यासाठी कपड्यांची नीळ. सरकीची लव उडून त्या ओल्या निळीवर बसे. तिला मामा फेस म्हणत. विषय नेहमी एकच, समुद्र, आणि काढणाऱ्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. गल्लीतला शिंपी, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर आणि दूध घालणाऱ्या अक्का हे आमचे नामवंत कलावंत. ते मन लावून पाणी काढत, लाटा काढत, बोटही काढत, आणि मग न चुकता कागदाच्या वरच्या अंगाला नदीचा असतो तसा पलीकडचा काठ काढत. मामांचा जीव कासावीस होई. “अरे, समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही,” असे ते नऊ वर्षे सांगत होते. एकदा अक्कांनी हातातली रंगाची काडी खाली ठेवून शांतपणे विचारले, “भाऊ, तिकडला काठच नही, ते पानी थांबी कथं?” मामा म्हणाले, “थांबतच नाही, अक्का. तीच तर गंमत आहे.” अक्कांना त्यात गंमत वाटली नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी काठ काढला, काठावर लिंबाचे झाड काढले आणि झाडाखाली स्वतःची म्हैस बांधली. शिंप्याने मामांचे मन राखायला काठ नुसत्या टाक्यांनी दाखवला. कंडक्टरांच्या काठावर एस.टी.चा थांबा होता. मी स्वतः काही काढत नसे. मी सरकीच्या पोत्यावर बसून भाकरी खात असे आणि प्रत्येक चित्रावर एकेक शेरा मारत असे. त्यावर सगळे हसत, म्हणून मला ते मोठे काम वाटे.

नव्वदीच्या सुरुवातीला नानांचा मुलगा धंद्यात आला आणि नानांनी एका सकाळी विषय काढला. “भाऊ, दिवाईनंतर बठ्ठी वखार लागी. तुना समुद्र आते दुसरीकडे लई जाय.” अख्खी वखार मागण्यात नानांचेही काही चुकले नव्हते. मामांचे घर दोन खोल्यांचे, त्यात शार्कचा जबडा ठेवला तर मामींना बाहेर बसावे लागले असते. गावात एका संस्थेचे वाचनालय बंद पडले होते आणि त्याची खोली रिकामी होती. मामांनी त्या संस्थेच्या चिटणिसांकडे इतके खेटे घातले, की शेवटी ते म्हणाले, शनिवारी संध्याकाळी येतो, तुमचं काम बघतो, पटलं तर खोली तुमची. न पटले तर सगळे पुन्हा त्या दोन पेट्यांत जाणार, हे आम्हाला सर्वांना ठाऊक होते. मामा तीन दिवस नीट जेवले नाहीत. शुक्रवारी ते घरोघर जाऊन विनवून आले, “या खेपेला काठ नको. एवढी एक खेप.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी चिटणीस आले. त्यांनी जबडा पाहिला, गाठी पाहिल्या, होकायंत्राकडे बघून हूं म्हटले आणि चित्रांपाशी आले. आता मोठा माणूस येणार म्हणून गल्लीने जीव ओतला होता, आणि जीव ओतल्यावर काठ आल्याशिवाय कसा राहील? एरवी साधा काठ असे, त्या दिवशी काठावर देवळे होती, आंब्याची झाडे होती. अक्कांनी तर स्वतःचे घर काढून चुलीचा धूर दाखवला होता. चिटणिसांनी नेमका तोच कागद उचलला आणि ते मोठ्याने हसले. “अहो, ही तर आपली पांझरा. यांनी समुद्र कधी पाहिलाय का? आधी यांना काही शिकवा, मग खोलीचं बघू.” अक्कांनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मामांनी त्या वेळी नुसते हसायचे होते, बस्स. त्यांचेच नऊ वर्षांचे गाऱ्हाणे चिटणीस बोलत होते. मी पोत्यावरून खूणसुद्धा केली. मामांनी चिटणिसांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला, अक्कांना परत दिला आणि म्हणाले, “साहेब, मी एकवीस वर्षं समुद्र पाहिलाय. चित्र बरोबर आहे.”

चिटणीस भाकरी न खाता गेले. खोलीचे उत्तर कधी आलेच नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघे पेट्या भरत होतो. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. “मामा, एकदा हसला असतात तर खोली मिळाली असती.” मामा दोरखंडाच्या गाठी सोडत होते. खाली बघतच ते म्हणाले, “त्या बंदरावर मी बोटीतून उतरून म्युझियमच्या दारात नुसता उभा होतो. अंगाला कांद्या-लसणाचा वास. एका बाईनं हाताला धरून आत नेलं, कागद दिला. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. दीड महिना पाण्यावर होतो, जावईबापू. पाण्याशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. आणि हातून काय उतरलं? बैल. पोळ्याचा, झूल घातलेला. बाई हसली नाही. तिनं तो भिंतीवर लावला, बोटींच्या चित्रांच्या मधोमध.” मग हातातली गाठ सोडवून म्हणाले, “मंग अक्काले मी कसा हासू, सांगा.”

मी पेटीचे झाकण लावले.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. अक्काही गेल्या. ती नऊ वर्षे मी त्या पोत्यावर बसून पोटभर खाल्ले, सगळ्यांना हसलो आणि एक रेघ ओढली नाही, याची मला आता लाज वाटते. कधी शनिवारी संध्याकाळी घरात सामसूम असली की मी एखादी पाठकोरी पत्रिका घेऊन बसतो. थोडेफार काढतोही. पण चुकले म्हणून चिडायला मामा नाहीत, आणि कुणी हसले तर माझ्या बाजूने बोलायलाही नाहीत.