झालंचराव आणि शून्य तक्रारी

कंपनीतले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. कोणाच्याही टेबलाशी गेले की खुर्चीत बसायच्या आधीच ते "झालंच समजा!" म्हणत, म्हणून सगळे त्यांना झालंचराव म्हणत. हे आपल्या झपाट्याचं कौतुक आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती मोडायला कोणी गेलं नाही. उगाच कशाला? प्रिंटर त्यांच्याच ताब्यात होता.

या माणसाचं एकच काम आयुष्यात होत नव्हतं. बायको याच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत हिशेब बघायची आणि लहान लेकीला घेऊन तिकडेच राहायची. झालंचराव इकडे दोन खोल्यांत एकटे, रोज एकच पातेलं विसळायचं. आता इथल्या हिशेब विभागात एक जागा रिकामी झाली होती, आणि ती कोणाला द्यायची हे मोठ्या साहेबांच्या हातात होतं.

नेमका तेव्हाच साहेबांना कंपनीच्या मेलचा सर्व्हर बदलायचा उत्साह आला. सभा भरली, पडद्यावर बाणांची चित्रं झळकली. जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर जाईल आणि कोणाला कळणारही नाही, असं साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून सगळ्यांना कळलं. मेल उघडला की पासवर्ड मागे, दिला की पुन्हा मागे, आणि मग 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' अशी पाटी. खरेदीवाल्या बाईंनी आपला पासवर्ड इतक्यांदा पुटपुटत टाइप केला की तो शेजारच्या टेबलांनाही पाठ झाला.

झालंचराव कामाला लागले. त्यांची विद्या एकच: मेलचं खातं काढायचं आणि परत घालायचं. परत घातलं की मशीन सर्व्हरचं नाव आपलं आपणच शोधून भरत असे. पाटी जाई, झालंचराव "झालंच!" म्हणून पुढच्या टेबलाकडे वळत. दुपारी पाटी हजर, पाठोपाठ झालंचरावही हजर. "तुम्हीच काहीतरी दाबलं असणार," असं ते म्हणत, आणि समोरच्यालाही वाटे, दाबलं असेल बुवा.

मग लोकांनी तक्रार का नाही केली? केली की. पण कंपनीची रीत अशी की तक्रार मेलनेच करायची, तोंडी धरत नसत. त्यामुळे मेल बिघडल्यापासून मेलबद्दल एकही तक्रार पोचली नाही. साहेब दर सभेत पडद्यावर भलंमोठं शून्य दाखवत आणि मंडळी टाळ्या वाजवत.

एका सकाळी मात्र विपरीत घडलं. झालंचरावांनी ती पाटी शेवटपर्यंत वाचली. तळाशी सर्व्हरचं नाव होतं, आणि ते जुन्या सर्व्हरचं होतं! "असू दे, वेळेला उपयोगी पडेल," म्हणून साहेबांनीच तो कोपऱ्यातल्या खोलीत चालू ठेवला होता. मशिनं कधी नव्याकडे जात, कधी जुन्याकडे. जुन्याकडे गेलं की पाटी येई, आणि त्यातूनही गेलेला मेल 'पाठवला' म्हणून दिसे आणि तिथेच पडून राही.

ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, जुना सर्व्हर बंद करायला हवा. मेल तिथे अडक—"

"तक्रारी किती आल्या?"

"शून्य, पण—"

"मग बिघडलंय कुठे?" साहेब प्रसन्न हसले. "बरं, मिसेसच्या बदलीचं. शुक्रवारपर्यंत त्यांचा होकार माझ्या मेलवर येऊ दे. तोंडी नको, लोक बोलतात. आला की सही करतो."

झालंचरावांनी जिभेवरचं वाक्य गिळलं. ऐन बदलीच्या तोंडावर साहेबांचं शून्य पुसायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. "झालंच समजा, साहेब," ते म्हणाले.

शुक्रवारी बायकोचा फोन आला.

"अहो, माझ्याकडेही तीच पाटी येतेय."

"खातं काढ आणि परत घाल. गेली?"

"गेली. मेलपण गेला. पाठवलेल्यांत दिसतोय. झालं ना?"

पाठवलेल्यांत दिसण्याला काडीचा अर्थ नाही, हे अख्ख्या कंपनीत फक्त झालंचरावांना ठाऊक होतं. पण इतरांना इतक्यांदा पटवलेली गोष्ट शेवटी माणसाला स्वतःलाही पटते. "झालंच!" ते म्हणाले. साहेबांना विचारून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण मेल मिळाला का असं विचारणं म्हणजे मेल मिळत नाहीत अशी कबुली देणं. ते न विचारताच घरी गेले.

सोमवारी जागा भरली. तिसऱ्याच शाखेतला कोणी येणार होता, त्याचा होकार वेळेवर पोचला होता. "मिसेसचा विचार बदलला वाटतं," साहेब म्हणाले. "कळवायचं तरी." झालंचराव धावत कोपऱ्यातल्या खोलीत गेले. जुन्या सर्व्हरवर बायकोचा होकार सुखरूप होता. त्याच्याखाली साऱ्या कंपनीच्या तक्रारी होत्या, त्यातल्या बऱ्याचशा त्यांच्याच विरुद्ध. ते तिथेच जमिनीवर बसले. रडू येत होतं, आणि राग काढावा तर दुसरं कोणी सापडत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मला कळलं," बायको म्हणाली. "लेकीने वर्गात सांगून ठेवलंय, आता बाबा शाळेत सोडायला येणार म्हणून. तिला काय सांगू?"

"अगं, तो सर्व्हरचा घोळ—"

"तुम्ही झालं म्हणालात. मी विश्वास ठेवला. मला तुमची तक्रार करायचीय. कोणाकडे करू?"

वर्षानुवर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं.

"मेल टाक," झालंचराव म्हणाले.

तिने फोन ठेवला.