डाऊनीची बाजू घेणारे साडू

माझ्या साडूंइतका डोक्याला ताप देणारा विद्वान आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कळंबला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते रिटायर झाले आणि तेव्हापासून बेंबळीतली माझी द्राक्षबाग हीच त्यांची प्रयोगशाळा. द्राक्षावर डाऊनी रोग आला की आम्ही औषधाच्या दुकानाकडं पळत सुटतो. हे गृहस्थ पहिल्या एसटीने हजर! पानामागची पांढरी लव बघून मी कपाळाला हात लावावा आणि यांनी म्हणावं, "वा! काय सुरेख आलीय!" तिला बुरशी म्हटलेलं तर मुळीच खपत नाही. एका लग्नाच्या पंगतीत मी आपला सहज म्हणालो, "यंदा बुरशीनं लई छळलंय," तर हातातली जिलेबी ताटात ठेवून म्हणाले, "बुरशी न्हाय ती, पाव्हणं. समुद्रातल्या शेवाळाच्या भावकीतली हाय." भावकीतली म्हणूनच एवढी छळते, असं मी म्हणालो, पण ते हसले नाहीत.

त्यांचा सगळा जीव तिच्या बीजाणूंत. पानावरच्या पाण्यात ते दोन शेपट्यांनी पोहतात म्हणे, पानाच्या छिद्राकडून त्यांना सांगावा येतो, मग अंगात कॅल्शियमची लाट उठते, शेपट्या गळतात आणि ते छिद्राशी ठाण मांडून आत घुसतात. हे त्यांनी माझ्या बायकोला, ती भाकरी थापत असताना, इतक्यांदा सांगितलंय की आता तिला पाठ झालंय.

गेल्या हंगामात घड कोवळे असताना दोन दिवस झड लागली. उघडीप मिळताच मी फवारणीचा ट्रॅक्टर काढला, तर हे मायक्रोस्कोप घेऊन पुढं आडवे! "दहा मिनटं थांबा! आत्ता शेपट्या टाकायलेत!"

माझी सटकलीच. "वर्षाचं पीक चाललंय अन् तुमचा खेळ! पुन्हा माझ्या बागेत पाय ठेवू नका!"

ते गुमान बाजूला झाले. मला वाटलं, गेले. दुपारी बघतो तर शेवटच्या ओळीत पाठीवर पंप अडकवून हा माणूस एकेक पान उलटं करून औषध मारतोय. "ट्रॅक्टरचं औषध वरच्या वर बसतंय, पाव्हणं. छिद्रं खालच्या अंगाला असत्यात," एवढंच बोलले. बाग वाचली. त्यानंतर मात्र ते आले नाहीत.

यंदा बांधाकडची दोन झाडं मी न फवारता ठेवली. बायको म्हणाली, "येड लागलंय का?" डाऊनी आलीय, चांगली पांढरीशुभ्र. काल फोन करून म्हणालो, "तुमच्यासाठी दोन झाडं न फवारता राखलीत, या की बघायला."

"औषध मारून घ्या, पाव्हणं," ते म्हणाले. "माझ्यापायी बाग घालवू नका."

मला लई वाईट वाटलं. अजून मी औषध मारलेलं नाही.