सुपातले परके दाणे

"पलास्टिक खाऊ घालून राहिले तुमी आमाले, पलास्टिक!"

आमची माय रेशन दुकानाच्या ओट्यावर उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की तिकडे इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचे बगळे उडाले असतील. हातात डबी, डबीत मूठभर पांढरट दाणे. मी तिच्या मागे उभा होतो आणि तिचा दम संपला की पुढचं वाक्य मी ओरडत होतो.

दुकानदार वजनकाट्यामागून म्हणाला, "काकी, मी का घरी दाने बनवतो? वरून आला तसा वाटला."

"वरून पानी येते," माय म्हणाली. "तांदूर जमिनीतून येते."

तांदळाच्या बाबतीत आमच्या मायशी कोणी वाद घालू नये. ती अर्जुनी मोरगावकडची, सारा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. चालत्या बैलगाडीतल्या पोत्याकडे लांबून पाहून ती सांगते की धान कोणतं, बांधी कोणाची, आणि कापायच्या दिवशी मालकाचं बायकोशी भांडण झालं होतं की नव्हतं. अशा बाईच्या सुपात रेशनचा तांदूळ आला. सगळे दाणे ओळखीचे, आणि मधेच एखादा परका. जरा पिवळट, गुळगुळीत, टोकाला खरा दाणा दाखवतो ती बारीक खाच नाही. धुवायला घेतला तर वर तरंगणारा. फोनवर असाच दाणा जाळून दाखवणारा एक व्हिडिओ गावभर फिरत होता. झालं, प्लास्टिक ठरलं.

एरवी तिने दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण माझी पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. उपकेंद्रातल्या सिस्टरने तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, बोटातून रक्त काढलं आणि सांगितलं, रक्त फार कमी आहे. वाढलं तर बाळंतपण इथे तालुक्याला होईल. नाही वाढलं तर गोंदियाला न्यावं लागेल, आणि तिथेही आई आणि लेकरू दोघांच्या जिवाची काळजीच. मायने त्याच दिवशी ठरवलं की नातीच्या ताटात एकही परका दाणा जाणार नाही. रोज सकाळी सूप घेऊन बसायची, एकेक दाणा वेचायची आणि वेचलेले अंगणात कोंबड्यांपुढे फेकायची.

कोंबड्यांचं काय सांगू. तुरे असे लाल झाले की एखादी कोंबडी रेल्वे फाटकाकडे गेली असती तर बल्लारशाची गाडी जागीच थांबली असती. आमचा कोंबडा शेजाऱ्याच्या कुत्र्याला एसटीच्या थांब्यापर्यंत हाकलून यायचा. पोरगी मात्र पेजेसारखी पांढरी. पुढच्या तपासणीला रक्त वाढायच्या जागी आणखी खाली गेलं.

मी डबी खिशात घातली, गाडीला किक मारली आणि उपकेंद्रात जाऊन जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो. सिस्टरने ऐकून घेतलं. एक दाणा नखाने फोडला.

"काका, बसा. हे प्लास्टिक नाही. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड, बी बारा घालतात, पुन्हा दाणा पाडतात आणि रेशनच्या तांदळात थोडा थोडा मिसळतात. रक्त कमी असणाऱ्यांसाठीच आहे हा. तुमच्या मुलीची सिकलसेलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली, ते नाही तिला. नुसतं लोह कमी आहे. हे दाणे तुम्ही काय करता?"

"कोंबड्याले टाकतो."

"आणि मी दिलेल्या गोळ्या?"

"घेते ना. रोज सकाळी, चहासंग."

सिस्टरने डोळे मिटून घेतले. "चहासोबत लोह अंगाला लागत नाही, काका. लिंबूपाण्यासोबत द्या. चहा नंतर."

माझं डोकं शांत व्हायच्या ऐवजी जास्तच फिरलं. "मंग हे सांगाले कोनी काऊन आलं नाई?"

"पोत्यावर लिहिलेलं असतं."

पोत्यावर! पोतं राहतं दुकानात. आम्हाला तांदूळ मिळतो आमच्याच पिशवीत. पोत्याची आणि आमची भेट होते ती कोणाच्या तरी दारात त्याचं पायपुसणं झाल्यावर. म्हणजे शासनाने लिहिलेलं आम्ही पायाने वाचायचं.

आणि राग एवढ्यावर थांबत नाही. माझ्या आजीच्या काळी धान पायाने चालवायच्या ढेकीवर कांडत. तांदूळ लालसर, कोंडा दाण्याला चिकटलेला, आणि त्या कोंड्यात काय काय जीवनसत्त्वं होती ते आता शाळेच्या पुस्तकात छापतात. मग राइस मिल आल्या. गोंदियाकडे जितक्या मिल आहेत तितक्या आभाळात चांदण्या नसतील. त्यांनी दाणा घासून घासून असा पांढरा केला की वीज गेली तर ताटाच्या उजेडात जेवता यावं. घासलेलं चांगलंचुंगलं गेलं तेलाच्या कारखान्यात आणि ढोरांच्या गव्हाणीत. आता दुसऱ्या कारखान्यात त्याच तांदळाचं पीठ करून, त्यात लोह घालून, साच्यातून दाणा पाडून आम्हालाच परत. बरं, द्या. पण ज्यांनी जन्मभर दाणा ओळखण्यावर पोट भरलं, त्यांच्या सुपात चोरासारखा दाणा मिसळता आणि तोंडाने एक शब्द बोलत नाही? एक माणूस आमच्या अंगणात पाठवला असता तर मायने त्याला चहा पाजला असता, भांडली असती, आणि ऐकलं असतं.

हे सगळं मी घरी येऊन असंच, याहून मोठ्या आवाजात सांगितलं. माय अंगणात सूप घेऊनच बसली होती. सुपाच्या एका कोपऱ्यात वेचलेल्या दाण्यांची ढिगोळी. खाटेवर पोरगी, पायांवर सूज, आजीच्या तोंडाकडे बघत.

मायने ढिगोळीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग हाताने सगळे दाणे पुन्हा तांदळात कालवले आणि तांदूळ भाताच्या गंजात ओतला.

"आजी, खाऊ का मंग हे?" पोरीने विचारलं.

"खाय," माय म्हणाली. "पन त्याले तांदूर नोको म्हनू."