अंकुशरावांच्या रानातला पालक

भास्कर सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभी होते. "मंदा, सर गेले गं..." एवढंच त्या बोलल्या. मला रडू आलं नाही. पंधरवड्यानं त्याच म्हणाल्या, "त्यांच्यावर चार ओळी लिही. तू लाडकी होतीस त्यांची." मी म्हटलं, "काकू, मग मला ते पण लिहावं लागेल." त्या म्हणाल्या, "लिही. मला म्हाईत हाय सगळं."

सर आम्हाला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी मेथीची जुडी वर्गात फिरवली आणि विचारलं, "यावर कोण कोण राहतं?" कुणी अळी म्हणालं, कुणी माती. सरांनी एक पान पाण्यात खळबळून ते पाणी काचेच्या बशीतल्या, जंतूंसाठीच्या जेलीसारख्या खाद्यावर पसरलं. पुढच्या तासाला बशीत पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके उगवले होते. "यातले पुष्कळ जण पानाचे राखणदार हायेत," सर म्हणाले. "जागा धरून बसतात, वाईटाला शिरू देत न्हाईत. जंतू म्हटलं की घाबरायचं काम न्हाई. कोण हाय ते बराबर ओळखायचं." त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं. शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पालेभाज्यांवरचे चांगले-वाईट जंतू तपासायचं काम आम्ही मिळून सुरू केलं. सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी शहागड, तीर्थपुरी असं गावोगाव नमुने गोळा करत हिंडले.

तीर्थपुरीला सरांचे धाकटे भाऊ अंकुशराव यांचं रान होतं. त्यांनी चहा पाजला, पालक माझ्या हातानं खुडू दिला. त्याच पालकाच्या बशीत हिरवट, धातूसारखे चकाकणारे ठिपके आले. मैल्यातून येणारे जंतू. राखणदार जवळजवळ नव्हतेच. गावच्या नाल्याचं पाणी त्या रानाला दिलं जात होतं. मी पुन्हा जाऊन नमुना आणला... तेच. सरांनी बशी उजेडाला धरून निरखली. मग म्हणाले, "सभेत सांग. नाव कुणाचं घेऊ नको, पण सांग."

प्रयोगशाळेनं बोलावलेल्या त्या सभेला शेतकरी होते, भाजीचे व्यापारी होते. मी नाल्याच्या पाण्याबद्दल बोलले आणि मागून एकानं विचारलं, "कोणाचं रान हाय ते? तीर्थपुरीचं का?" मी नाव घेतलं नाही. तेवढ्यात सर उठले. मला वाटलं, आता सावरून घेतील. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "नमुना बिघडलेला आहे. मुलगी नवीन आहे. तिच्याच हाताचे जंतू बशीत गेले असणार." सभेत हशा पिकला. अंकुशराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर मी नमुने मागायला गेले की लोक विचारायचे, "हात धुऊन आल्या का मॅडम?" वर्षभरात मी प्रयोगशाळा सोडली आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सरांनी थांब म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते फार आजारी आहेत असं कळलं म्हणून गेले. काकू आत चहा टाकत होत्या. सर पडल्या पडल्याच म्हणाले, "मंदा, तुझं बराबर होतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"सभेच्या आधीच. मी पण एक नमुना लावून पाह्यला होता. तेच आल्तं." मग घाईघाईनं म्हणाले, "पण अंकुशला मी नाल्याचं पाणी बंद करायला लावलं. विहिरीवरून पाइप टाकला. मला वाटलं, झालं काम."

"आणि नाल्यावरची बाकीची रानं, सर? ते लोक तर बिघडलेला नमुना म्हणून हसत घरी गेले."

सरांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"आणि माझं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. "तू सहन करशील असं वाटलं..."

परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते. चहा न घेताच उठले. तीच आमची शेवटची भेट.

परवा शाळेच्या प्रयोगशाळेत बाजारातल्या पालकाची बशी लावत होते. झाकण एका बाजूनं जरासं उचललं आणि नकळत श्वास रोखला. ही सवय सरांची. आपल्या तोंडातलं बशीत पडू द्यायचं नाही, आपले जंतू पानाच्या माथी मारायचे नाहीत, हे ते पुन्हा पुन्हा बजावायचे. मी त्यात कधीच चुकले नव्हते, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकण लावून झालं तरी श्वास सोडायचं मला भान राहिलं नाही.