बाबांचा बिल्ला

हाताला पितळेचा वास आला की मला जबलपूरच्या क्वार्टरमागचा खंदक आठवतो. लढाईमुळे शाळा बंद होती, म्हणून आईने आम्हा बहिणींचं टाइमटेबल फॅक्टरीच्या भोंग्यांवर बसवलं होतं. जेवणाच्या भोंग्यानंतर इतिहास. बॉम्बच्या भीतीने खणलेल्या त्या खंदकात एकीने वस्तू पुरायच्या, दुसरीने जुनं शहर समजून उकरायच्या. पुरायला मला राजाची मोहोर हवी होती. रात्रपाळीचे बाबा झोपले होते. खुंटीवरचा त्यांचा फॅक्टरीचा पितळी बिल्ला मी पुरला. तेवढ्यात भोंगा झाला, इतिहास संपला, शोधणं उद्यावर गेलं. संध्याकाळी बाबा रिकाम्या खुंटीपुढे उभे राहिले. बिल्ल्याशिवाय गेटच्या आत घेत नसत, त्यात लढाईचे दिवस. आई नखांनी माती उकरत होती. “काहून रडून राहिली? जागा आठव ना बाई.” मी बोट दाखवायची, ती खणायची, नुसती खापरं निघायची. पाळीचा भोंगा झाला. “चलो, पाहतो,” म्हणत बाबा तसेच गेले आणि थोड्या वेळाने सायकल ढकलत परत आले. मला कोणी मारलं नाही. त्या दिवसाचं सगळं आठवतं मला, आईच्या नखांतली मातीसुद्धा. ती जागा तेवढी अजून आठवत नाही.