बेरीज पोचण्याआधी

शुक्रवारपर्यंत माझ्याकडे तीन कामं होती. संगणकावरचं खाडीच्या पुराचं मॉडेल दीड तासात पळवायचं, त्याचा हिशेब चोख निघतो हे दाखवायचं आणि यातलं काही सरांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तिसरं काम सोमवारीच फसलं. मॅनेजरनेच त्यांना सांगून टाकलं.

सर म्हणजे आमच्या अंधेरीच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने. मूळचे मालवणकडचे, राहायला चारकोपला. ते मॉडेल त्यांनीच लिहिलेलं, आणि मी नोकरीला लागले तेव्हा त्याच्यावरच मला शिकवलेलं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. शुक्रवारी वेळ जमली नाही तर विकतचं सॉफ्टवेअर येणार आणि सरांचं मॉडेल कायमचं बंद होणार होतं.

"टाका काढून, माका काय," सर म्हणाले. आणि जेवायला न जाता जागेवर बसून राहिले.

मॉडेलमध्ये खाडीच्या नकाशाचे चौसष्ट तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा एकेका प्रोसेसकडे, म्हणजे संगणकावर बाकीच्यांसोबत एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे. दर टप्प्याला प्रत्येकीने आपल्याकडचं पाणी मोजायचं, सगळ्यांची मिळून बेरीज करायची आणि ताळा बघायचा. पाणी कुठे नाहीसं झालं किंवा उगाच वाढलं तर मॉडेल थांबतं. जुन्या पद्धतीत ही बेरीज होईपर्यंत चौसष्टही जणी काम सोडून उभ्या राहायच्या. पण उत्तर कुणालाच लगेच नको होतं. म्हणून मी प्रत्येकीला आपला आकडा बेरजेला सोपवून लगेच पुढच्या टप्प्याचं काम सुरू करायला लावलं. तो टप्पा संपला की मगच थांबून बेरीज घ्यायची.

बुधवारी संध्याकाळी वेळ दीड तासाच्या आत आली. मी यादीतल्या पहिल्या कामावर काट मारली आणि मुलुंडला घरी येऊन सगळ्यांना श्रीखंड वाढलं.

गुरुवारी सकाळी ताळा चुकला. परत चालवलं तर दुसऱ्याच टप्प्याला चुकला. दुपारपर्यंत मी कोड चार वेळा वाचला होता. सर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय गो, पाणी खंय गेला?"

"सापडत नाहीये, सर."

"सरक जरा." ते बसले, चष्मा कपाळावर नेऊन स्क्रीनला नाक लावलं. "बेरजेला आकडा दिलास तो इथून. बरोबर?"

"हो. आणि शेवटी थांबते, बघा ना, इथे."

"बघितलं. आणि मधल्या वेळात ह्याच जागेत नवीन आकडा कोण लिहितंय? तुझी सासू?"

मी ती ओळ परत वाचली. आकडा नुसता सोपवलेला होता, तो अजून उचललेला नव्हता. मी मात्र जागा मोकळी झाली असं समजून तिथेच पुढच्या टप्प्याचं पाणी लिहीत होते. कुणाचा जुना आकडा बेरजेत जात होता, कुणाचा नवा.

"मेल पाठवला की यादीत काट मारतेस ना तू," सर म्हणाले, "समोरच्याने वाचला की नाही न बघता. तेच केलंस."

हे खरं होतं. घरीही बाकीच्यांची माझ्याबद्दल हीच तक्रार असते.

उपाय साधा होता. दोन जागा ठेवायच्या आणि आलटून पालटून वापरायच्या. एकीतला आकडा वाटेत असेपर्यंत दुसरीत लिहायचं. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे केला.

"तूच लिही. मी लिहिलं तर पुढच्या महिन्यात कुणाला विचारशील?"

शुक्रवारी ताळा शेवटपर्यंत जुळला, वेळही बसली. मॅनेजर म्हणाला, "ठेवू या हे. पण सांभाळणार कोण?"

मी हात वर केला. सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"हिला भरती-ओहोटीच्या फायलींतलं अजून ओ की ठो कळत नाही," ते त्याला म्हणाले. मग माझ्या टेबलापाशी एक खुर्ची ओढून आणली, बसले, बाह्या वर केल्या. "उघड पहिली फाईल. नऊच दिवस आहेत माझ्याकडे."